पहिला इंग्लिश लाँगबो: ॲशच्या लाकडातून ४० पौंडांचं धनुष्य

लाँगबो दिसायला लांब काठीसारखा असतो, आणि नवख्यांची फसगत इथेच होते. माणसाच्या उंचीची काठी तासून दोरी लावली तर पाचव्या-सहाव्या खेचीला ती मोडते. काठीचं धनुष्य होतं ते तिची जाडी मुठीपासून टोकापर्यंत अशी उतरत नेल्यावर की वाकताना ताण कुठेही साचू नये, सगळ्या लांबीवर वाटला जावा. खाली दिलेलं जवळजवळ सगळं काम या एकाच गोष्टीसाठी आहे.

आधी चार शब्द ठरवून घेऊ. धनुष्याची निशाण्याकडची बाजू ही पाठ आणि तिरंदाजाकडची बाजू हे पोट. खेचताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. मुठीच्या वरचा भाग वरचं पातं, खालचा भाग खालचं पातं. लाँगबोच्या पात्याचा छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा असतो, पाठ चपटी आणि पोट गोल. ब्रिटिश लाँगबो सोसायटीच्या नियमानुसार जाडी रुंदीच्या पाच अष्टमांशांपेक्षा कमी असून चालत नाही. म्हणजे ३२ मिमी रुंदीच्या जागी जाडी निदान २० मिमी हवी. त्याहून चपटं धनुष्य चांगलं चालेल, कदाचित जास्त टिकेलही, पण त्याला लाँगबो म्हणत नाहीत.

लाकूड कोणतं

मूळ लाकूड यू, युरोपातलं सदाहरित सूचिपर्णी झाड. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेलं ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला आहे. त्यातून १७२ धनुष्यं मिळाली. लांबी सुमारे १.८७ ते २.११ मीटर, आणि अंदाजे ताकद, म्हणजे पूर्ण खेचायला लागणारा जोर, १०० पौंडांपासून थेट १८५ पौंडांपर्यंत. ती यूची आहेत. यूच्या सालीलगतचं फिकट लाकूड ताण उत्तम सोसतं आणि गाभ्याचं तांबूस लाकूड दाब उत्तम सोसतं. दोन्ही एकाच दांडक्यात शेजारी शेजारी मिळतात, म्हणजे पाठ आणि पोट निसर्गानेच जोडून दिलेली असतात. इंग्लंडला हे लाकूड इतकं कमी पडायचं, की परदेशी व्यापाऱ्यांनी मालाच्या दर टनामागे धनुष्याची चार दांडकी आणलीच पाहिजेत, असा कायदा १४७२ मध्ये झाला.

तरीही पहिल्या धनुष्यासाठी यू घेऊ नका. दांडकं महाग, गाठी भरपूर, आणि प्रत्येक गाठीभोवती काय करायचं हे हाताला कळायला दोन-तीन धनुष्यं मोडावी लागतात. शिवाय यूचा भुसाही विषारी, मास्कशिवाय घासायचा नाही. आपल्या हिमालयात यूची भावंडं आहेत, उत्तराखंडात त्यांना थुनेर म्हणतात. कर्करोगावरच्या औषधासाठी ती झाडं इतकी ओरबाडली गेली की आता त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराखाली नियंत्रित आहे. त्या वाटेला जाऊ नये.

ॲश हे इंग्लंडचंच, लाँगबोसाठी जुन्या काळापासून वापरलेलं दुसऱ्या फळीतलं लाकूड. सरळ वाढतं, फाडायला सोपं, पाठीला भक्कम. कमजोरी एकच, पोट. ॲश दाबाला यूइतकं उभं राहत नाही, थोडा बाक धरतं, म्हणजे दोरी काढल्यावरही थोडं वाकलेलंच राहतं. म्हणून ॲशचं धनुष्य यूपेक्षा जरा लांब आणि जरा रुंद ठेवायचं. हिकरी मिळाली तर तीही चालेल, पाठीला ॲशहून चिवट आहे, मात्र हवेतली ओल फार ओढते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना ॲशचा ओंडका मिळणं सध्या सोपं आहे, कारण २०१२ मध्ये तिथे आढळलेल्या बुरशीच्या रोगामुळे झाडं मोठ्या प्रमाणावर पाडली जात आहेत. फक्त रोग फार पसरलेल्या झाडाचा ओंडका टाळा, ते लाकूड ठिसूळ होतं. पुण्या-मुंबईत आयात लाकडाच्या वखारीत अमेरिकन ॲशच्या फळ्या फर्निचरसाठी येतात. त्यातून फळी निवडून काढावी लागते, त्याबद्दल पुढे आहेच. सह्याद्रीतल्या धामणीचं लाकूडही असंच लवचीक. कावडीचे दांडे आणि अवजारांचे दांडे त्याचे करतात, आणि झाडाचं संस्कृत नावही ‘धन्वन’ आहे. ते रीतसर मिळालं तर प्रयोग करण्यासारखं आहे, मात्र खालची मापं ॲशची आहेत, धामणीला ती जशीच्या तशी लावू नका.

दांडकं: ओंडक्यातून की फळीतून

ओंडका असेल तर १५ ते २० सेंमी व्यासाचा, निदान २ मीटर लांब, गाठी नसलेला. सालीवरच्या रेषा पाहा. त्या खोडाभोवती पिळत गेल्या असतील तर आतलं लाकूडही पिळलेलंच असणार, तो ओंडका सोडून द्या. वलयं ॲशला रुंद चांगली, इंचाला पाच ते दहा. प्रत्येक वलयात वसंतात वाढलेला सच्छिद्र थर आणि नंतरचा घट्ट थर असतो. वलय रुंद झालं की घट्ट थराचा वाटा वाढतो. यूचं बरोबर उलट, तिथे बारीक वलयं शोधतात.

करवतीने चिरू नका. लोखंडी पाचरी आणि घणाने फाडा. करवत सरळ रेषेत जाते, लाकडाचे तंतू तसे जात नाहीत. पाचर तंतूंच्या मागे जाते आणि धनुष्याला तुटलेले तंतू परवडत नाहीत. फाडण्याआधी दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट किंवा फेव्हिकॉलचा जाड थर द्या, नाहीतर ओल टोकांतून भराभर जाऊन तडे पडतात. साल काढली तर उघड्या पाठीलाही तोच लेप द्या.

वाळायला वेळ द्यायलाच हवा. जाड दांडकं सावलीत, वारा खेळेल असं वर्षभर ठेवावं. घाई असेल तर सगळीकडे १ सेंमी जास्त ठेवून धनुष्याचा ढोबळ आकार काढा आणि तो वाळवा, दोन-तीन महिन्यांत होतो. वाळलं की नाही हे ओळखायला मीटर लागत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. सलग तीन आठवडे वजन उतरलं नाही की लाकूड तुमच्या हवेशी जुळलं.

पण तुमची हवा कोणती, हा प्रश्न उरतोच. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं आणि ते उत्तम. ९० टक्के आर्द्रतेत ते २० टक्क्यांवर जातं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैत टिलर केलेलं, म्हणजे वाक जुळवलेलं, धनुष्य बाक धरणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो. हे काम दिवाळीनंतर काढा.

फळी घ्यायची तर २ इंच रुंद, सव्वा इंच जाड आणि सव्वासहा फूट लांब तुकडा पुरतो. वखारीत फळ्या उलटसुलट करायची लाज बाळगू नका. रुंद बाजूवरच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर धावल्या पाहिजेत, आणि जाडीच्या बाजूवरच्याही. टोकापाशी एखादी रेषा कडेबाहेर गेली तर चालेल. मधल्या मीटरभरात गेली तर ती फळी खुर्चीसाठी ठेवा. पन्नास फळ्यांत अशी एक-दोनच निघतात. चांगली वाटलेल्या फळीच्या पाठीवरही लिननच्या कापडाची एक पट्टी फेव्हिकॉलने चिकटवली तर पहिल्या धनुष्याला विमा मिळतो.

पाठ

ओंडक्याचं दांडकं असेल तर सालीखालचं सगळ्यांत बाहेरचं वलय हीच धनुष्याची पाठ. साल आणि तिच्याखालचा पातळ पापुद्रा काढा आणि थांबा. त्या वलयाला हत्यार लागता कामा नये. पाठीवर उंचवटे असतील, हलकी लाट असेल, तर ती तशीच राहू द्या. रंधा मारून पाठ ‘सरळ’ केली की जागोजागी वलय कापलं जातं, आणि पहिली चिलपी नेमकी तिथून उठते. पाठीच्या कडा मात्र गोल करायच्या, ३-४ मिमी. धारदार कडेवर ताण एका तंतूवर येतो.

आखणी

२८ इंच खेच (पूर्ण खेचल्यावर दोरीपासून धनुष्याच्या पाठीपर्यंतचं अंतर) असणाऱ्यासाठी दोरी अडकवायच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत ७२ इंच, म्हणजे १८३ सेंमी, आणि वर टोकांसाठी दोन्हीकडे दीड-दोन सेंमी जादा. खेच २६ इंच असेल तर ६९-७० इंच पुरे. पहिल्या धनुष्यात लांबी वाचवून काहीच मिळत नाही, आखूड धनुष्य लवकर मोडतं.

मध्य काढा. मूठ ४ इंचांची: मध्यापासून १ इंच वर आणि ३ इंच खाली. बाण मुठीच्या वरच्या कडेला लागून जातो, हात त्याच्या खाली. म्हणून खालचं पातं कामापुरतं आखूड पडतं आणि ते थोडं कडक ठेवावं लागतं. कोणतं टोक वर हे आत्ताच ठरवून त्यावर खूण करा. हे विसरणारे बरेच असतात.

फळीवर सूत मारून सरळ मध्यरेषा काढा. फाडलेल्या दांडक्यावर मात्र रेषा तंतूंच्या मागे जाऊ द्या, ती थोडी नागमोडी झाली तरी बिघडत नाही. टोकं आणि मूठ एका ओळीत आली म्हणजे झालं. रुंदी मध्यावर ३२ मिमी, दोन्हीकडे ३० सेंमीपर्यंत तेवढीच, मग सरळ रेषेत उतरत टोकाला १३ मिमी.

जाडी आत्ता जास्तच ठेवायची: मुठीत २८ मिमी, पात्याच्या मध्यावर २२, टोकाजवळ १६. ४० पौंडांचं ॲशचं धनुष्य पूर्ण होईल तेव्हा ही मापं साधारण २३, १८ आणि १३ च्या आसपास येतात. साधारणच, कारण प्रत्येक झाड वेगळं. माप पाहून धनुष्य पुरं करता येत नाही, वाक पाहूनच करावं लागतं.

ढोबळ आकाराला कुऱ्हाड किंवा ड्रॉनाइफ, म्हणजे दोन मुठींचा, आपल्याकडे ओढायचा सुरा. त्यानंतर स्पोकशेव्ह, म्हणजे दोन मुठींचा छोटा रंधा, आणि जाड दातांची कानस. शेवटी स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पोलादी पट्टी. व्हाइसच्या जबड्यात चामडं किंवा जुन्या चपलेचं रबर ठेवा, पाठीवर वण पडला तर तो पुढे महागात पडतो. वरून पाहिलेला आकार आधी पुरा करा, मगच पोटाकडे वळा. रुंदी नंतर बदलत बसलात तर टिलर सारखा बिघडत राहतो.

पोट गोल करताना आधी दोन्ही कडा ४५ अंशांत उतरवा, मग त्या पैलूंच्या कडा, मग त्यांच्या कडा. पैलू मोजत गेलात की डावी-उजवी बाजू आपोआप सारखी राहते. डोळ्यांच्या अंदाजाने थेट गोलाई काढणारा हमखास एक बाजू जास्त खातो.

जमिनीवरचा वाक

एक टोक जमिनीवर, एक हात मुठीवर, दुसऱ्या हाताने पात्याच्या मध्यावर दाबा. पातं दोन-तीन इंच वाकायला लागलं की दोन्ही पात्यांची तुलना करा. एक पातं दुसऱ्यापेक्षा स्पष्ट कडक लागत असेल तर त्याच्या पोटावरून काढा.

इथे एक हिशेब पक्का लक्षात ठेवायचा. ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्के कमी केली की ताठपणा २७ टक्के जातो. २० मिमी जाडीच्या जागी दोन मिमी म्हणजे कानशीचे थोडेच हात. म्हणून दोन्ही पाती एकत्र वाकायला लागली की कानस ठेवून द्या, पुढचं सगळं स्क्रेपरने.

आता तात्पुरत्या खाचा. टोकापासून दीड-दोन सेंमीवर, ४ मिमी गोल कानशीने, दोन्ही बाजूंना, मुठीकडे ४५ अंशांत उतरत्या. पाठीवर खाच येता कामा नये, फक्त बाजूंना.

टिलर

हा शब्द इंग्रजीच ठेवतो, कारण धनुष्य करणारे जगभर हाच वापरतात. टिलर करणं म्हणजे पात्यांचा वाक जुळवणं. पूर्ण कामाच्या निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो.

भिंतीवर किंवा उभ्या खांबावर मूठ बसेल अशी खाच करा, तिच्याखाली इंचाच्या खुणा आणि तळाशी कप्पी. दोरी कप्पीतून घेऊन तुम्ही अडीच-तीन मीटर लांब उभे राहा, मध्ये लटकता वजनकाटा अडकवा. लांब उभं राहण्याची दोन कारणं आहेत: पूर्ण वाक जवळून दिसत नाही, आणि धनुष्य मोडलं तर तुकडे तुमच्याकडे येत नाहीत. तरीही चष्मा घाला.

पहिली दोरी लांब असते, खाचेत अडकवल्यावर नुसती लोंबेल इतकी. ती हळूहळू खेचा आणि पाहा. दोन नियम मोडायचे नाहीत. धनुष्य कुठल्याही टप्प्यावर ४० पौंडांपेक्षा जास्त खेचायचं नाही, अंतर कितीही कमी भरलं तरी. आणि वाकात दोष दिसला की त्याच्या पुढे खेचायचं नाही, आधी दोष काढायचा. जी जागा जास्त वाकते तिथे प्रत्येक खेचीत तंतू चिरडले जात असतात. तुम्ही नंतर वाक सुधारला तरी ते तंतू परत येत नाहीत.

काय शोधायचं? मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी कमान. मूठही थोडी वाकली पाहिजे, जुन्या युद्धधनुष्यांत ती स्पष्ट वाकते. व्हिक्टोरियन काळातल्या निशाणेबाजीच्या धनुष्यांत मूठ कडक ठेवायला लागले, कारण तिने हाताला झटका कमी बसतो. पहिल्या वेळी मूठ जेमतेम हलेल एवढं ठेवा. शेवटचे १५ सेंमी जरा कडक राहिले तर चांगलंच.

डोळ्याला सवय नसते तोवर एक छोटं साधन फार उपयोगी पडतं. १५ सेंमीचा सरळ लाकडी ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा. धनुष्य थोडं खेचून अडकवून ठेवा आणि ठोकळा पोटावर फिरवा. जिथे वाक सगळ्यांत जास्त तिथे ठोकळ्याखाली फट सगळ्यांत मोठी असते. पेन्सिल त्या फटीपुरती बाहेर काढा. आता ठोकळा पातंभर सरकवला की पेन्सिल फक्त कडक जागांवर रेघ ओढते. रेघ उमटली तिथलं काढा, बाकी हात लावू नका. पण अडकवून फार वेळ ठेवू नका, वीस सेकंदांत रेघ मारून सोडा.

प्रत्येक खरवडणीनंतर धनुष्य वीस-तीस वेळा हलकं खेचा. लाकडाला नवा आकार कळायला तेवढं लागतं. हा व्यायाम न देता पुन्हा खरवडत गेलात की काढलेल्या लाकडाचा परिणाम उशिरा दिसतो, तोवर तुम्ही दुप्पट काढलेलं असतं. नवख्यांची धनुष्यं ४० ऐवजी २५ पौंडांची होतात ती याच घाईने.

टोकं पाचेक इंच एकसारखी वाकायला लागली की आखूड दोरी लावा, मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, म्हणजे उंची, ३-४ इंच ठेवून. आता वाकाचे दोष एकदम ठळक दिसतील, घाबरू नका. ते सुधारले की उंची ६ इंचांवर न्या. समोरून पाहा. दोरी मुठीच्या मधोमध पडते का? एका बाजूला सरकली असेल तर ज्या कडेकडे सरकली ती कडा कमजोर आहे. विरुद्ध कडेचं पोट थोडं खरवडा, दोरी मध्याकडे परत येते.

दोन्ही पात्यांवर मुठीपासून सारख्या अंतरावर दोरीपर्यंतचं माप घ्या. वरच्या पात्यावर ते ३ ते ६ मिमी जास्त हवं. उलट असेल तर खालचं पातं जास्त वाकतंय.

मग खेच एकेक इंच वाढवत जा. २० इंचांवर काटा २६-२७ पौंड दाखवत असेल तर २८ वर तुम्ही ४० च्या जवळ याल. ४० पौंड २३ इंचांवरच लागत असतील तर दोन्ही पात्यांवरून टोकापासून टोकापर्यंत सारखे हात फिरवा, मोजून, एका पात्याला दहा तर दुसऱ्याला दहा. घासणं आणि पॉलिश यांत दोन-तीन पौंड जातात, म्हणून २७ इंचांवरच ४० आलं की टिलर थांबवा. खेच मोजायची ती दोरीपासून धनुष्याच्या पाठीपर्यंत. मोबाइलवर समोरून फोटो काढत चला, डावा अर्धा भाग उलटा करून उजव्यावर ठेवला की डोळ्यांनी न दिसलेला दोष लगेच दिसतो.

दोरी काढल्यावर धनुष्य थोडं वाकलेलं दिसेल. हा धरलेला बाक. ॲशमध्ये दीड-दोन इंचांपर्यंत चालतो. तीन इंचांवर गेला तर लाकूड ओलं होतं, किंवा धनुष्य अकाली जास्त खेचलं गेलं. पोट हीट गनने सावकाश तापवून, रंग टॉफीसारखा होईपर्यंत भाजलं तर ॲश दाबाला कडक होतं आणि बाकही काहीसा निघतो. पण भाजल्यावर दोन-तीन दिवस हात लावू नका. लाकूड कोरडंठाक झालेलं असतं, हवेतली ओल परत घेऊ द्या, नाहीतर पाठ फुटते.

काय बिघडतं

बिजागरी: पात्यात एकाच जागी कोपरा आल्यासारखा वाक. त्या जागेला हात न लावता तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. ताकद कमी होईल, धनुष्य वाचेल.

चुण्या: पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक रेघा. दाबाने तंतू चिरडल्याची खूण. बोटाला लागतात, उजेड तिरका पाडला की दिसतात. एखादी बारीक चुणी असेल तर आसपासचं लाकूड कमी करून भार वाटून घ्या. चार-पाच दिसल्या तर त्या धनुष्याची ताकद उतरवा किंवा ते लहान मुलाला द्या.

चिलपी: पाठीवर तंतू उठणं. लगेच थांबा. पातळ सुपरग्लू आत मुरवा, वरून लिननचा दोरा घट्ट गुंडाळून पुन्हा गोंद द्या. चिलपी इंचापेक्षा लांब असेल आणि पात्याच्या मध्यावर असेल, तर ते धनुष्य भिंतीवर लावा.

टोकं आणि दोरी

४० पौंडांच्या ॲशला लाकडातल्या खाचा पुरतात. पण लाँगबोची ओळख शिंगाच्या टोप्यांनी पुरी होते, आणि यूसारख्या मऊ लाकडाला त्या आवश्यकच, नाहीतर दोरी लाकडात रुतते. म्हशीच्या शिंगाची भरीव टोकं घ्या, उत्तर प्रदेशात संभलला शिंगकामाचा मोठा धंदा आहे. चितळ-सांबराची शिंगं मात्र भारतात परवान्याशिवाय बाळगणंही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, घरात पडलेली जुनी असली तरी.

अर्ध्या इंचाचं चपटं ड्रिल ग्राइंडरवर निमुळतं करून घ्या आणि शिंगात इंचभर खोल शंकूच्या आकाराचं भोक पाडा. वास केस जळल्यासारखा येतो, गॅलरीत करा. धनुष्याचं टोक त्याच आकाराचं तासा. भोकात खडूची पूड टाकून टोक फिरवलं की कुठे घासतं ते कळतं. नीट बसलं की अरल्डाइट, आणि पूर्ण दिवस थांबा. मग शिंगाला बाहेरून आकार द्या, दोरीची खाच ४ मिमी, तिच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत. खरखरीत खाच दोरी कापते.

दोरी डॅक्रॉन बी-५० ची, १२ पदरी. आधुनिक, न ताणणारे धागे या धनुष्याला लावू नका. डॅक्रॉन किंचित ताणला जाऊन झटका पितो, कडक धागा तो झटका थेट टोकांवर आणतो. वरच्या टोकाला पिळून केलेला फास, खाली टिंबर हिच ही सरकती गाठ. म्हणजे दोरी ताणली गेली तर गाठ सरकवून उंची जुळवता येते. लांबी खाचेपासून खाचेपर्यंतच्या अंतरापेक्षा दोन-तीन इंच कमी धरा. मूठ वळून अंगठा उभा केल्यावर जेवढं माप होतं, तेवढी उंची मुठीपासून दोरीपर्यंत ठेवायची, साडेसहा इंचांच्या आसपास.

शेवटचा हात

पॉलिश पेपर १२० पासून ४०० पर्यंत, लांबीच्याच दिशेने. मग उकळलेलं जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिन्सीड म्हणून मिळतं. पातळ चार-पाच हात, दोन हातांत एक दिवस. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. शेवटी मेण. मुठीला चामडं, आणि बाण घासतो तिथे डाव्या कडेला हाडाचा किंवा शिंपल्याचा छोटा तुकडा.

पहिले पन्नास बाण पूर्ण खेचीने नाही, २४-२५ इंचांपर्यंतच. शंभरेक बाणांनंतर धनुष्य आणखी एक-दोन पौंड उतरतं आणि तिथे स्थिरावतं. बाण लाकडी, अकरा बत्तीसांश इंच जाडीचे, स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा सांगणारा आकडा, ३५-४०. या धनुष्याला बाणासाठी खिडकी कापलेली नसते, बाण मुठीला वळसा घालून जातो, म्हणून तो थोडा लवचीक हवा. वजन ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅमपेक्षा हलका बाण नको. आणि दोरी रिकामी कधीच सोडायची नाही. बाण नसेल तर ती सगळी ऊर्जा लाकडातच राहते.

वापर संपला की लगेच दोरी काढा. दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, कोपऱ्यात उभं टेकवू नका, गाडीच्या डिकीत उन्हात तर नाहीच. पावसाळाभर वापर नसेल तर कपाटात, वरच्या कप्प्यात.